वैद्याची परीक्षा

बाजारात मडके घेणारी बाई ते बोटाने वाजवून पाहते. बैल घेणारा शेतकरी त्याचे दात मोजतो, त्यास चार पावले चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरवितो. मंचरच्या पेठेत कांद्याबटाट्याचा व्यवहार करणारा मनुष्य व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. पोत्यात हात घालून तळचा माल वर काढतो. इतका चोखंदळ मनुष्य एक व्यवहार मात्र डोळे मिटून करतो. मूल तापाने फणफणले किंवा बाई अडली म्हणजे तो वैद्याच्या दारात जातो, आणि ज्याच्या हाती जीव सोपवावयाचा त्याची पारख करण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. मडके फुटके निघाले तर दुसरे मिळते. येथे दुसरी खेप नाही. म्हणून रोग्याच्या वतीने वैद्याची परीक्षा कोणीतरी आधीच घेऊन ठेविली पाहिजे, ही कल्पना मनुष्यसमाजात फार प्राचीन काळी उदयास आली. ती परीक्षा कोणी घ्यावी, कशाची घ्यावी आणि कोणत्या भाषेत घ्यावी, या तीन प्रश्नांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या देशात त्याचा आरंभ सुश्रुतसंहितेपासून करावा लागतो. तिच्या सूत्रस्थानात शल्यकर्माचा सराव शिष्याकडून कसा करवून घ्यावा, यास एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. भेदनाचा सराव पाण्याने व चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. खरवडण्याचा केसाळ कातड्यावर. शीर विंधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. टाके घालण्याचा जाड्या व तलम वस्त्रावर. पट्टी बांधण्यास शिकावयाचे तर त्यासाठी मनुष्याच्या आकाराची बाहुली करून तिच्या एकेका अवयवावर पट्ट्या बांधावयाच्या. ग्रंथ कितीही मुखोद्गत असला, तरी हे हस्तकर्म न केलेला शिष्य कामास अयोग्यच होय, असा त्या आचार्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. केवळ शास्त्र जाणणाऱ्यास आणि केवळ कर्म जाणणाऱ्यास त्यांनी एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे.

याच्या पुढील अध्यायाचा विषय व्यवसायात प्रवेश करण्याची पात्रता हा आहे. वैद्याने शास्त्र वाचलेले असावे, त्याचा अर्थ त्यास कळलेला असावा, कर्म त्याने पाहिलेले व स्वतः केलेले असावे, आणि या सर्वांवर राजाची अनुज्ञा त्यास मिळालेली असावी. एवढ्यावर तो अध्याय थांबत नाही. वैद्याची नखे व केस कापलेले असावेत, वस्त्र स्वच्छ असावे, वेष भडक नसावा, मन प्रसन्न असावे आणि बोलणे कल्याणकारक असावे. रोग्याच्या घरी गेल्यावर त्याने पंचेंद्रियांनी परीक्षा करावी, आणि सहावे साधन म्हणून प्रश्न विचारावेत: देश कोणता, काळ कोणता, दुखणे कोठून सुरू झाले, भूक कशी आहे, बळ किती आहे. प्रश्न विचारणे हे रोगपरीक्षेचे एक साधन म्हणून इंद्रियांच्या पंक्तीस बसविले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुवैद्य लोकांचे प्राण घेत फिरतो तो राजाच्या दोषामुळे, असेही तेथे म्हटले आहे. परवाना देणाऱ्याच्या माथी जबाबदारी टाकणारा याहून रोखठोक विचार पुढील दोन हजार वर्षांत क्वचितच कोणी मांडला असेल.

हाच विचार इतर देशांतही निरनिराळ्या काळी प्रगट झाला. बगदादच्या खलिफाच्या कानी इ. स. ९३१ मध्ये एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावल्याची वार्ता गेली, तेव्हा त्याने सिनान इब्न साबित या राजवैद्यास शहरातील सर्व वैद्यांची परीक्षा घेण्याची आज्ञा केली, आणि आठशेंहून अधिक वैद्य त्या परीक्षेस आले. त्यांत एक प्रतिष्ठित वृद्ध होता. आपणास लिहितावाचता येत नाही, परंतु या धंद्यावर कुटुंबाचे पोट चालते, असे त्याने सांगितले. जे कळत नाही त्यास हात लावू नये, आणि शीर तोडणे व जुलाब देणे यांसारखे उपाय साध्या दुखण्यांपलीकडे योजू नयेत, या अटीवर सिनानने त्याचा धंदा चालू राहू दिला, अशी आख्यायिका आहे. परीक्षकास दयाही असावी आणि तिला सीमाही असावी, हे त्या कथेचे मर्म होय. पुढे तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीच्या राज्यात सालेर्नो येथील आचार्यांपुढे परीक्षा दिल्यावाचून कोणीही वैद्यक करू नये, असा निर्बंध घातला.

महाराष्ट्रात पेशवाईअखेरपर्यंत वैद्यकी बहुधा घराण्यातून चाले. बाप मुलास शिकवी, मुलगा नाडी धरावयास बसे, आणि गाव त्याची परीक्षा घेई. या परीक्षेत एक मोठा गुण होता. वैद्य रोग्याच्याच भाषेत बोले. त्याचे शेत, त्याचे खाणे, त्याच्या घरातील भांडण, सर्व त्यास ठाऊक असे. पण तिच्यात तितकाच मोठा दोषही होता. वैद्य चुकला की नाही, हे ठरविण्याचे साधन गावापाशी नव्हते. दैव आणि वैद्य यांच्या चुका एकाच खात्यावर मांडल्या जात.

इंग्रजी अंमल बसल्यावर मुंबईस १८२६ मध्ये डॉक्टर मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी लोकांसाठी वैद्यकशाळा निघाली. तिच्यात शिक्षण देशी भाषांतून दिले जाई. ती १८३२ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या विद्यालयाचा पुरस्कार केला. परंतु ते १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे मृत्यू पावले, आणि त्यांच्या नावाचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीने उभारलेले इस्पितळ त्याच्या लगतच होते, आणि ही दोन्ही एकमेकांस जोडलेली असावीत याबद्दल पहिले प्राचार्य डॉक्टर चार्ल्स मोरहेड यांचा मोठा कटाक्ष होता. विद्यार्थ्याने पुस्तकाइतकाच रोगी वाचावयास शिकावे, हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्र होते. १८५१ मध्ये या कॉलेजातून पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. प्राचीन लेखांचे संशोधन करून पुढे कीर्ती मिळविणारे डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे दोघेही तिच्यात होते.

या नव्या परीक्षेने पूर्वीचा दोष दूर केला. वैद्याच्या ज्ञानास माप मिळाले. पण ते माप इंग्रजीत होते. सर्व प्रेसिडेन्सीस पुरतील इतके इंग्रजी शिकलेले डॉक्टर निघणे शक्य नाही हे सरकारच्या ध्यानात आले, तेव्हा १८६१ मध्ये त्याच कॉलेजात मराठी व गुजराती भाषांतून शिकविणारे वर्ग उघडण्यात आले. पुण्यास ससून इस्पितळ १८६७ मध्ये सुरू झाले होते. त्याच्या जोडीस १८७८ मध्ये बैरामजी जीजीभाई यांच्या नावाची वैद्यकीय शाळा निघाली. अशा वर्गांतून व शाळांतून बाहेर पडणारे हॉस्पिटल असिस्टंट सरकारी दवाखान्यांवर नेमले जात. त्यांचा पगार थोडा व दर्जा कनिष्ठ असे; पण खेड्यापाड्यांतील रोग्यास सरकारी वैद्यक जे भेटले ते बव्हंशी त्यांच्याच रूपाने. येथे एक विपरीत गोष्ट घडली. जो इंग्रजीत उत्तीर्ण झाला तो वरचा डॉक्टर ठरला, आणि रोग्याशी ज्यास अधिक सहज बोलता येई तो खालचा. रोग्याची भाषा येणे ही वैद्याची योग्यता न ठरता त्याच्या कमी शिक्षणाची खूण ठरली.

भाषेचा हा प्रश्न केवळ अभिमानाचा नव्हे, तो रोगनिदानाचा आहे. भीमाशंकरच्या पायथ्याकडून किंवा घोडेगावच्या पलीकडून आलेला रोगी आपले दुखणे सांगतो तेव्हा तो दुखते एवढेच म्हणत नाही. पोटात कळ येते, मुरडा येतो, गोळा उठतो, छातीत चमक निघते किंवा दडपण येते, गळवाचा ठणका लागतो, उसण भरते, पोटरीत पेटके येतात, हातास मुंग्या येतात, जखमेची आग होते, डोके उठते, जीव घाबरा होतो. यांतील प्रत्येक शब्द वैद्यास निराळ्या अवयवाकडे व निराळ्या रोगाकडे नेणारा आहे. थांबून थांबून येणारी कळ आणि एकसारखा ठणका यांतील भेद ज्यास कळत नाही, त्याने आतड्याची अडचण व पिकलेले गळू यांची गल्लत केली तर नवल नाही. तसेच औषध देताना उपाशीपोटी म्हणजे काय, पथ्य म्हणजे काय, तीन दिवसांनी बरे वाटले तरी गोळ्या का सोडू नयेत, हे ज्यास रोग्याच्या बोलीत सांगता येत नाही त्याचे निदान अचूक असूनही रोगी बरा होत नाही. क्षयाचे औषध अर्धवट सोडल्याने रोग अधिक हट्टी होतो. ही गोष्ट वैद्यास ठाऊक असून भागत नाही, ती रोग्यास पटावी लागते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू स्त्रियांच्या आजाराची होती. पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे बोलून दाखविण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या स्त्रिया घरोघरी होत्या. तेथे डॉक्टरचे ज्ञान कितीही मोठे असले तरी संभाषणाचेच दार बंद होते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून त्यांनी वैद्यकाचा मार्ग धरला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून पदवीधर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. ज्या स्त्रियांशी बोलण्यासाठी त्यांनी परक्या देशात, परक्या भाषेत परीक्षा दिली, त्यांच्याशी बोलण्याची संधी मृत्यूने त्यांना दिली नाही. रखमाबाई मात्र इंग्लंडात शिकून १८९४ मध्ये वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाल स्त्रियांची सेवा केली. ग्रँट मेडिकल कॉलेजचे दारही १८८३ मध्ये स्त्रियांस उघडले गेले होते.

विसाव्या शतकात परीक्षेस कायद्याचे बळ आले. इंग्लंडात १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही ठेवणारे कौन्सिल स्थापन झाले होते. त्याच धर्तीवर मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये वैद्यकीय कायदा झाला, आणि नोंदणीकृत डॉक्टर हा शब्द लोकांच्या कानी पडू लागला. तथापि नोंदवहीत नाव असणे आणि काम येणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे लवकरच दिसून आले. हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांस प्रसूतीचे पुरेसे प्रत्यक्ष शिक्षण मिळत नाही, असा आक्षेप ब्रिटिश कौन्सिलने घेतला, आणि बरीच वर्षे चाललेल्या वादानंतर १९३० मध्ये हिंदी पदव्यांची मान्यता काढून घेतली. या कृत्यामागे साम्राज्याचा अहंकार होता असे पुष्कळांस वाटले, व ते वाटणे निराधार नव्हते; पण विद्यार्थ्याने स्वतःच्या हातांनी किती बाळंतपणे केली हा प्रश्न मात्र खरा होता. या अवमानातून १९३३ मध्ये भारतीय वैद्यकीय कौन्सिलचा कायदा निघाला. वैद्य व हकीम यांच्या नोंदणीची तरतूद मुंबई सरकारने १९३८ च्या कायद्याने केली.

सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशात नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७,५०० होते, आणि त्यांपैकी सुमारे ३०,००० पदवीधर नसून शाळांतून निघालेले परवानाधारक होते. दोन प्रतींचे डॉक्टर नकोत, एकच पदवी असावी, असे समितीने सुचविले. त्याच वर्षी पुण्याच्या बैरामजी जीजीभाई शाळेचे कॉलेज झाले. समतेच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता. शहरास पूर्ण डॉक्टर व खेड्यास अर्धा, ही वाटणी न्यायाची नव्हतीच. पण ती वाटणी मोडताना खेड्याची भाषा बोलणारा वर्गही मावळला, आणि ती भाषा नव्या परीक्षेत कोठे बसवावी याचा विचार मागेच राहिला.

तो कसा राहिला हे कॉलेजातील अंतिम परीक्षेच्या रीतीवरून कळते. विद्यार्थ्यास इस्पितळातील एक रोगी नेमून देत. खाटेपाशी बसून तो त्याची हकीकत विचारी, त्यास तपासी, आणि काही वेळाने परीक्षक येऊन त्याच्याकडून सर्व वृत्तान्त ऐकत. विद्यार्थी मराठीत विचारी व इंग्रजीत सांगे. परीक्षकाच्या कानी पडे ते इंग्रजी. मराठी संभाषण एकट्या रोग्याने ऐकलेले असे. विद्यार्थी त्याच्यावर खेकसला की त्यास धीर देऊन बोलला, त्याचे म्हणणे पुरते ऐकले की मध्येच तोडले, तपासण्यापूर्वी अंगावर पांघरूण सावरले की नाही, यांपैकी कशासही गुण नव्हते. शिवाय एकाच्या वाट्यास सोपा रोगी येई तर दुसऱ्याच्या वाट्यास अवघड, आणि यश दैवावर अवलंबून राही.

या रीतीवर उपाय परदेशांत निघाला. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरने १९६३ च्या सुमारास निरोगी मनुष्यास रोग्याची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसविले. स्कॉटलंडातील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एका नव्या परीक्षापद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात अनेक ठाणी मांडलेली असतात. प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक ठाण्यावर ठरावीक मिनिटे थांबतो. कोठे नाडी व रक्तदाब पाहतो, कोठे टाके घालतो, कोठे रोग्याशी बोलतो. आणि समोर बसलेला परीक्षक आधीच ठरलेल्या यादीप्रमाणे गुण देतो. सर्वांस कसोटी एकच, आणि बोलणेही त्या कसोटीतच. भोपळ्यावर छेदन व बाहुलीवर पट्टी करविणाऱ्या सुश्रुताच्या शिष्यांस ही ठाणी फारशी परकी वाटली नसती.

त्याच १९७५ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा काढली, आणि तिकडे जाणाऱ्या डॉक्टरांच्या वैद्यकीय ज्ञानाबरोबर इंग्रजी संभाषणाचीही परीक्षा सुरू केली. तेव्हापासून मराठी मुलुखातून गेलेल्या डॉक्टरांस तेथील म्हातारीशी तिच्या भाषेत नीट बोलता येते की नाही, हे सिद्ध करावे लागले. त्यात अन्याय झाला असे कित्येकांस वाटले. परंतु त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट ही की, आंबेगाव तालुक्यातील म्हातारीशी तिच्या भाषेत बोलता येते की नाही, याची परीक्षा त्याच डॉक्टरांची मायदेशी कोणी घेतली नव्हती.

कसोटी एकदा सुरू झाली म्हणजे टिकतेच असे नाही. अमेरिकेत परवान्यासाठी रोगीवेषधारी माणसांसमोर द्यावयाची परीक्षा २००४ पासून सर्व उमेदवारांस सक्तीची होती. खर्च फार व अनुत्तीर्ण थोडे, अशी तिच्यावर टीका होत असे. २०२० मध्ये साथीमुळे ती थांबली व २०२१ मध्ये कायमची रद्द झाली. भारतात परदेशी शिकून आलेल्या डॉक्टरांसाठी २००२ पासून जी चाळणी परीक्षा सुरू झाली, तिच्यात दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे असते. तेथे रोगीही नाही व संभाषणही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याने मात्र सर्वांस समान अशा अंतिम परीक्षेची तरतूद केली, आणि त्याच वर्षापासूनच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संभाषण यांस स्वतंत्र स्थान मिळाले. विद्यार्थ्यास आरंभीच स्थानिक भाषेची ओळख करून द्यावी, हेही त्यात आले. परराज्यांतून महाराष्ट्रात शिकावयास येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही लहानशी दिसणारी सुधारणा मोलाची आहे. परंतु वर्गात शिकविलेले आणि परीक्षेत विचारलेले यांत किती अंतर असते, हे विद्यार्थ्यांइतके कोणासच ठाऊक नसते. ज्यास गुण नाहीत ते परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी वाचीत नाही.

मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात डोंगरपट्टीतील महादेव कोळी व ठाकर कुटुंबे येतात, रस्त्यावरील अपघातांत सापडलेले प्रवासी येतात, शेतात सर्पदंश झालेले मजूर येतात. साप चावलेल्या माणसास चावून किती वेळ झाला, डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या काय, लघवी लाल झाली काय, एवढे तीन प्रश्न त्यास समजतील अशा शब्दांत व तो घाबरणार नाही अशा स्वरात विचारले गेले, तर पुढील उपचारास दिशा मिळते. हे प्रश्न पदवीच्या कागदावर दिसत नाहीत. ते दिसावेत असे वाटत असेल तर रोगी परीक्षेतून बाहेर पडताना परीक्षकाने त्यास थांबवून त्याच्या मराठीत एकच गोष्ट विचारावी, की डॉक्टरने तुम्हाला काय सांगितले? रोग्याने जे सांगितले त्यावर गुण द्यावेत. सुश्रुताने राजाच्या माथी जो दोष ठेविला होता, तो एवढ्याने बराचसा उतरेल.